आम्ही संगणक जुळवितो

आमच्या घरी संगणक येणार ही वार्ता सोसायटीत पसरली तेव्हा शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न आला, तो "कोणत्या कंपनीचा?" हा. आमच्या नातीने शांतपणे उत्तर दिले, "कोणत्याच नाही, काका. आम्ही सुटे भाग आणून घरीच जुळवणार आहोत." विचारणाऱ्याने आमच्याकडे सहानुभूतीने पाहिले. सत्तरी ओलांडलेला म्हातारा या वयात कुठल्या फंदात पडला, असे काहीसे त्या दृष्टीत होते.

ही गोष्ट २०२३ च्या जुलै महिन्यातील. नातीने बारावीनंतर कापडावरील नक्षीकामाच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला होता. सुरतेत राहून हा विषय निवडणे यात नवल काहीच नाही. शिवाय आमच्या घराण्यात ती विद्या पूर्वी होतीच. आमचे कै. वडील खानदेशातून सुरतेस आले ते पोटापाण्यासाठी, आणि येथे त्यांना काम मिळाले ते जॅकार्डच्या मागासाठी नक्षी मांडण्याचे. बारीक चौकटींच्या मोठ्या कागदावर ते एकेक घर रंगवीत बसत. त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्यांना भोके पाडली जात. जेथे भोक तेथे ताण्याचा धागा उचलला जाई, जेथे भोक नाही तेथे तो खाली राही. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ साली सिद्ध केलेली ही युक्ती पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचा हिशेबही भोके पाडलेल्या पत्त्यांवरच झाला. म्हणजे संगणकाचे एक आजोळ मागावर आहे असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. पणजोबा कागदावर जे करीत तेच पणतीला पडद्यावर करावयाचे होते, एवढाच काय तो फरक.

संगणकासाठी आमच्यापाशी पंचेचाळीस हजार रुपये होते. पोस्टातील पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीची मुदत नुकतीच भरली होती. आमचे चिरंजीव रिंग रोडवरील कापडाच्या एका पेढीवर हिशेबनीस आहेत. त्या वर्षी बाजार मंद होता, तेव्हा त्यांच्या पगारातून अधिक काही निघण्याजोगे नव्हते. चिरंजिवांचे मत पडले की, याच पैशांत एखादा नामांकित कंपनीचा लॅपटॉप घ्यावा आणि मोकळे व्हावे. नातीचे म्हणणे निराळे. "बाबा, त्याच किमतीत लॅपटॉपचा पडदा लहान मिळतो. आणि उद्या काही बिघडले किंवा कमी पडले तर सगळाच बदलावा लागतो. सुट्या भागांचे तसे नाही. जे बिघडेल तेवढेच बदलायचे." तिने हिशेबाचा कागद पुढे केला. चिरंजीव कागद पाहत राहिले, पण बोलले नाहीत. ते का बोलले नाहीत हे आम्हांस ठाऊक होते, आणि त्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

सुटे भाग जुळवून संगणक करण्याची आमच्या घरातील ही पहिली वेळ नव्हे. २००० साली आम्ही आणि चिरंजीव असे दोघे पहाटेच्या फ्लाइंग राणीने मुंबईस गेलो होतो. मुंबई सेंट्रलला उतरून पायीच लॅमिंग्टन रोड गाठला. त्या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; पण विजेच्या आणि संगणकाच्या वस्तू घेणारा गिऱ्हाईक जुनेच नाव घेतो. दिवसभर दुकाने पालथी घातली. सेलेरॉन प्रोसेसर, चौसष्ट मेगाबाइट मेमरी, पंधरा इंची अवजड मॉनिटर असा ऐवज जमला. शेवटी पत्र्याचा डबा, म्हणजे ज्याला कॅबिनेट म्हणतात तो, घ्यावयाचा राहिला. दुकानदाराने विचारले, "यात फुकट येणारा एसएमपीएस चालेल, की चांगला वेगळा देऊ? सहाशे रुपये जास्त पडतील." आम्ही तत्परतेने म्हणालो, "फुकटचा चालेल." सहाशे रुपये वाचल्याच्या आनंदात संध्याकाळच्या फ्लाइंग राणीच्या दुमजली डब्यात बसून आम्ही सुरतेस परतलो.

त्या संगणकावर आम्ही पितापुत्रांनी दोन पावसाळे खपून एक काम केले. वडिलांनी उतारवयात आपल्या आठवणी एका जाड वहीत लिहून ठेवल्या होत्या. खानदेशातले गाव, सुरतेस आल्यावर पहिली रात्र कोठे काढली, कोणी आधार दिला, १ मे १९६० रोजी मुंबई राज्य दुभंगून आपण गुजरातचे झालो तेव्हा येथील मराठी घरांत काय बोलणी झाली, आणि मधून मधून नक्षीचे लहान लहान नमुने. ती सारी वही चिरंजिवांनी श्रीलिपीत टंकित केली आणि आम्ही मुद्रिते तपासली. पुस्तक छापण्याचा मानस होता.

२००३ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली आणि लगेच आली. टेबलाखालून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि जळका वास सुटला. घरातील दूरचित्रवाणी संच, फ्रीज, पंखे यांस काही झाले नाही. संगणकाचा मात्र मदरबोर्ड जळाला आणि हार्ड डिस्कही गेली. तपासणाऱ्या मुलाने फुकटचा तो एसएमपीएस उघडून दाखविला. आत मोजके चार भाग, आणि दाब वाढला तर प्रवाह तोडणारी काही सोयच नाही. जळालेल्या डिस्कमधून मजकूर काढून देणारे लोक असतात असे कळले. पण त्यांनी सांगितलेली रक्कम आमच्या काही महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी होती. आम्ही म्हणालो, "राहू द्या. मूळ वही आहेच. सवडीने पुन्हा टंकित करू."

सवड मिळाली नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा महापूर आला. आमचे घर तेव्हा अडाजणमध्ये, तळमजल्यावर. माणसे वरच्या मजल्यावर गेली आणि वाचली. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले तेव्हा आत चिखलाचा एक चौकोनी गोळा होता. ती वही होती. शेजारी जळालेली डिस्कही चिखलात बसली होती. त्या दिवसापासून आमच्या घरात संगणक जुळविण्याचा विषय कोणी काढला नव्हता. चिरंजीव बोलले नाहीत ते यामुळे.

शेवटी नातीचेच म्हणणे मान्य झाले आणि आम्ही चौघे, म्हणजे नात, चिरंजीव, आमच्या सौभाग्यवती आणि आम्ही, शहरातील एका दुकानी गेलो. दुकानदार तरुण आणि अगत्यशील होता. त्याने पाच मिनिटांत पंचेचाळीस हजारांचा अंदाज लिहून दिला. काचेच्या भिंतीचा आणि सप्तरंगी दिव्यांचा डबा, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, आठ गिगाबाइट मेमरीची एक पट्टी, साडेअठरा इंची पडदा. डबा खरोखर देखणा होता. आमच्या सौभाग्यवतींना भाजीबरोबर कोथिंबीर मागण्याची सवय, त्यांनी विचारले, "या डब्याबरोबर फुकट काय देता?" दुकानदार अभिमानाने म्हणाला, "पावर सप्लाय, बेन! साव मफत." आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले. दुकानदारास त्या शांततेचा अर्थ कळला नसावा.

नातीने तो अंदाज घरी आणला आणि आम्हांस एकेक ओळ समजावून दिली. ते सारे येथे सांगतो, कारण आपल्या समाजातील अनेक घरांत मुलांच्या शिक्षणासाठी हाच प्रश्न उभा राहत असेल.

तिने पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की यंत्राला काय काम करावयाचे आहे ते आधी ठरवावे आणि मग पैसे वाटावेत. खेळ खेळणाऱ्यास ग्राफिक्स कार्ड लागते. नक्षी काढणाऱ्यास मोठ्या चित्रांसाठी मेमरी लागते आणि रंग खरे दाखविणारा पडदा लागतो. दुकानदाराने सुचविलेला प्रोसेसर इंटेलचा होता आणि त्याच्या क्रमांकाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर होते. त्या अक्षराचा अर्थ, पडद्यावर चित्र पाठविण्याची सोय या प्रोसेसरमध्ये नाही. तो थोडा स्वस्त पडतो खरा, पण त्याच्यापायी वेगळे कार्ड घेणे भाग पडते. तिने त्याऐवजी एएमडीचा रायझन ५ ५६००जी निवडला. २०२१ साली बाजारात आलेल्या या प्रोसेसरच्या पोटातच चित्राची सोय आहे. कार्डाचा खर्च वाचला.

मदरबोर्डही एक पिढी जुन्या बैठकीचा, एएम४ प्रकारचा घेतला. २०२२ पासून एएम५ ही नवी बैठक आली होती, पण तिला डीडीआर५ मेमरीच लागते आणि ती वाट तेव्हा महाग होती. "नवे ते चांगलेच, आजोबा," नात म्हणाली, "पण आपल्या खिशाला आजचे पेलायला हवे." अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण तिला कोणी शिकविली होती कोण जाणे.

मेमरी सोळा गिगाबाइट, पण एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन. प्रोसेसरच्या पोटातील चित्रसोय हीच मेमरी वापरते. दोन पट्ट्या लावल्या की दोन वाटांनी ने-आण होते आणि काम वेगाने चालते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी मदरबोर्डावरच बसणारी पाचशे गिगाबाइटची एनव्हीएमई पट्टी.

पडद्याच्या बाबतीत मात्र निवड केली ती आमच्या सौभाग्यवतींनी. दुकानात दोन पडद्यांवर एकाच साडीचे चित्र लावावयास सांगितले. समोरून दोन्ही सारखे दिसले. मग त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा इथून विटकरी दिसतो, आणि त्याचा लाल लालच राहतो." दुकानदार हसून म्हणाला, "बेन, तमने बधी खबर छे!" स्वस्त पडदा टीएन जातीचा होता, दुसरा आयपीएस जातीचा. कोनातून पाहताना पहिल्याचे रंग बदलतात, दुसऱ्याचे फारसे बदलत नाहीत. सुरतेत चाळीस वर्षे साड्या निवडणाऱ्या डोळ्यांना त्यासाठी पुस्तक वाचावे लागले नाही.

उरला एसएमपीएस. भिंतीतून येणारा दोनशे तीस व्होल्टचा उलटसुलट प्रवाह घेऊन त्याचा बारा, पाच आणि तीन पूर्णांक तीन व्होल्टचा स्थिर प्रवाह करणे हे त्याचे काम. संगणकातील प्रत्येक भाग त्याच्या हातून जेवतो. तो दिसत नाही, त्याने वेग वाढत नाही, शेजाऱ्यास कौतुकाने दाखवावा असे त्यात काही नाही; म्हणून पैसे कमी पडले की पहिली कात्री त्याच्यावर चालते. डब्याबरोबर फुकट येणाऱ्यांवर वॅटचा आकडा मोठा छापलेला असतो, पण हातात घेतला की वजनाने हलका लागतो. '८० प्लस' हा शिक्का असावा. २००४ पासून चाललेल्या या योजनेत, घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के कामी लागते की नाही हे तपासले जाते. तथापि तो शिक्का काटकसरीचा आहे, रक्षणाचा नव्हे. दाब वाढल्यास किंवा तारा जुळल्यास प्रवाह तोडण्याची सोय आहे का, हमी किती वर्षांची आहे, हे वेगळे विचारावे. आमच्या यंत्रास पूर्ण कामातही दोनशे वॅटपेक्षा कमी पुरतात. तेव्हा साडेचारशे वॅटचा, पण चांगला, असा घेतला.

आता हिशेब. प्रोसेसर साडेअकरा हजार, मदरबोर्ड सहा हजार, मेमरी तीन हजार आठशे, एनव्हीएमई दोन हजार आठशे, एसएमपीएस तीन हजार सातशे, पडदा नऊ हजार, कळफलक व माऊस नऊशे, यूपीएस तीन हजार दोनशे. बेरीज चाळीस हजार नऊशे. डबा अजून घ्यावयाचा होता. साधा घेतला तरी दोन हजार, दिव्यांचा साडेतीन हजार.

येथे आम्ही मध्ये पडलो. आम्हांस आणखी एक वस्तू हवी होती, जी कोणाच्याच यादीत नव्हती. बाहेरून लावावयाची एक टेराबाइटची हार्ड डिस्क, किंमत चार हजार. केलेल्या प्रत्येक कामाची दुसरी प्रत ठेवण्यासाठी. डबा आणि डिस्क दोन्ही घेतले तर रक्कम पंचेचाळीसच्या वर जात होती. चिरंजीव म्हणाले, "बाबा, डिस्क दिवाळीला घेऊ." आम्ही म्हणालो, "सवडीने करू, असे आम्हीही एकदा म्हटले होते."

चिरंजीव काही वेळ गप्प राहिले. मग उठले, माळ्यावर चढले आणि गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू खाली घेऊन आले. २००० साली लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, पुरात बुडून निघालेला तोच पत्र्याचा डबा. तो त्यांनी टाकला नव्हता हे आम्हांसही ठाऊक नव्हते. आत कोपऱ्यांत वाळलेला गाळ अजून होता. नातीने मापे घेतली आणि म्हणाली, "बसेल!" मदरबोर्ड आणि एसएमपीएस यांच्या मापांचा एटीएक्स नावाचा ठराव १९९५ साली झाला, तेव्हापासून स्क्रूंची भोके जेथल्या तेथे आहेत. प्रोसेसर किती पिढ्या बदलले, पण पत्र्याची भोके बदलली नाहीत.

दोन दिवस पॉलिशपेपरने गंज घासून डब्यास राखाडी तैलरंग दिला. डिस्कसह एकूण खर्च चव्वेचाळीस हजार नऊशे. उरलेल्या शंभर रुपयांचा लोचो आणला आणि रविवारी सकाळी तो खाऊन जेवणाच्या टेबलावर काम सुरू केले. प्रत्येक भाग उचलण्याआधी नात डब्याच्या पत्र्याला हात लावी. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण बैठकीवरील त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवला. जोर लावावयाचा नाही. मेमरीच्या पट्ट्या 'टक्' असा आवाज होईपर्यंत दाबल्या.

कळ दाबली. पंखे फिरले. पडदा मात्र काळाच राहिला.

पाच मिनिटे गेली, दहा गेली. चिरंजिवांचा चेहरा उतरला. वीस वर्षांपूर्वीचा तो वास येतो आहे की काय असे आम्हांस उगीच वाटले. नातीने प्लग काढला आणि पुस्तिका उघडून प्रत्येक तार बोटाने तपासली. वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरला वीज देणारी आठ टोकांची एक वेगळी तार असते, ती लावावयाची राहिली होती. ती लावली आणि पडद्यावर अक्षरे उमटली. डब्यावरचा लहानसा दिवा तेवढा लागला नाही. त्याची तीन खाचांची जुनी जोडणी नव्या मदरबोर्डाच्या दोन खाचांत बसेना. तो आजही लागत नाही. विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली आणि गिंप, इंकस्केप ही चित्रणाची साधने घालून काम सुरू झाले. विंडोज पुढे सवडीने घेतले. ही सवड मात्र खरोखर मिळाली.

वाचकांनी हे आकडे २०२३ चे आहेत हे ध्यानात ठेवावे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव एकदम चढले. भाव चढतात, उतरतात. निवडीची रीत फारशी बदलत नाही. वस्तूचे पक्के बिल घ्यावे, म्हणजे हमीचा हक्क राहतो. आणि पैसे कमी असतील तर जे दिसते त्यावर कात्री चालवावी, जे दिसत नाही त्यावर नव्हे. यंत्र गेले तर पुन्हा आणता येते. त्यात ठेवलेले गेले तर कोणत्या दुकानी मिळणार?

पहिल्याच आठवड्यात नात आमच्याजवळ खुर्ची ओढून बसली. "आजोबा, पणजोबांच्या वहीतले तुम्हांला जे आठवते ते सांगा. मी टंकित करते." आम्ही म्हणालो, फारसे आठवत नाही. ती म्हणाली, "जेवढे आठवते तेवढे." चिरंजीव शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी ती वही अक्षर अक्षर टंकित केली होती. आम्हांस जे आठवेना ते त्यांना आठवू लागले.

मूळ वही सव्वातीनशे पानांची होती. आजवर आमची सत्तेचाळीस पाने झाली आहेत. दर रविवारी संध्याकाळी नात त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरविते आणि ती डिस्क आमच्या मुलीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर ठेवावयास देते. तापी तेथवर येणार नाही.